कुलगुरूंचा अधिकार आणि अडविलेली गुणपत्रिका

विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेणारी व पदव्या वाटणारी कचेरी, ही समजूत आपल्याकडे इंग्रजी अमदानीपासून चालत आली आहे. १९२७ साली मुंबई विद्यापीठाच्या कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक विधिमंडळापुढे आले, तेव्हा सिनेटमध्ये मागासलेल्या वर्गांना प्रतिनिधित्व मिळालेच पाहिजे, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला. ज्यांच्या घरात अक्षर नव्हते, त्यांचाही शब्द विद्यापीठाच्या कारभारात चालावा, हा त्यामागील हेतू होता.

महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने कुलगुरूंस प्रमुख शैक्षणिक व कार्यकारी अधिकारी ठरविले. तातडीच्या प्रसंगी त्यांनी स्वतः निर्णय घ्यावा व संबंधित मंडळास मागाहून कळवावे, अशीही तरतूद त्यात केली. आता तातडीचा प्रसंग कशास म्हणावे? परीक्षेचे वेळापत्रक कोलमडले की विद्यापीठास तातडी सुचते. विद्यार्थ्याची गुणपत्रिका फीसाठी अडकली की मात्र ती महाविद्यालयाची अंतर्गत बाब होते!

अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा खर्च केंद्राने साठ व राज्याने चाळीस टक्के उचलावा, असे डिसेंबर २०२० मध्ये ठरले. केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होऊ लागला. मधले हात टळावेत हा हेतू रास्तच. परंतु पैसा उशिरा येतो आणि फीचा तगादा आधी येतो. मजुरी करणारा एक बाप मुलीचा कागद सुटावा म्हणून सावकाराकडून रक्कम काढून आमच्या कचेरीत आला होता. नोकरीच्या अर्जाची मुदत त्यापूर्वीच टळली होती. शासनाकडून यावयाच्या रकमेसाठी मुलीचे वर्ष तारण ठेवणे कोणत्या न्यायात बसते?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली समतेचे नियम केले. प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत समान संधी कक्ष व भेदभाव प्रतिबंधक अधिकारी असावा, असे त्यांत सांगितले. असा अधिकारी नावापुरता नेमून फलक टांगला की जबाबदारी संपली, असे मानणारे कुलगुरू विद्वान असतील. नेते खचित नव्हेत.

महाविद्यालयांना संलग्नता विद्यापीठच देते. तेव्हा शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याचा कोणताही कागद अडवू नये, असा हुकूम काढण्यास कुलगुरूंना दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. पालकांनी तोंडी विनवणीवर विसंबू नये. लेखी अर्ज प्राचार्यांस द्यावा, त्याची प्रत कुलगुरूंच्या कार्यालयात द्यावी आणि दोन्हींवर तारखेचा शिक्का घेतल्यावाचून खिडकी सोडू नये.