आगाऊ नाही, एकटा आहे

सोळा-सतरा वर्षांचा मुलगा मागच्या बाकावर बसून सगळ्यांची टिंगल करतो. शिक्षक ढोंगी, वर्गमित्र मतलबी, स्नेहसंमेलन म्हणजे नुसता देखावा. स्टाफरूममध्ये अशा मुलावर एकच शेरा पडतो: 'आगाऊ आहे'. मला हा शेरा पटत नाही. अशी बरीच मुले एकटी असतात. दोस्तीचा हात पुढे केला आणि कुणी धरला नाही तर? त्यापेक्षा 'मला कुणाची गरजच नाही' असे आधीच सांगून टाकलेले बरे.

जे. डी. सॅलिंजर यांच्या 'द कॅचर इन द राय' (१९५१) या अमेरिकन कादंबरीतला होल्डन हा असाच मुलगा. शाळेतून काढून टाकल्यावर तो नाताळच्या तोंडावर न्यूयॉर्कमध्ये भटकतो. त्याला जो तो ढोंगी दिसतो. पण तो वागतो कसा ते पाहा. स्टेशनवरच्या फोन बूथमध्ये वीसेक मिनिटे उभा राहून कुणाला फोन करावा याचा विचार करतो आणि कुणालाच न करता बाहेर पडतो. अनोळखी टॅक्सीवाल्याला सोबत बसायचा आग्रह करतो. जुन्या शाळूसोबत्याला, जो त्याला फारसा आवडतही नाही, आणखी थोडा वेळ थांब म्हणून विनवतो. त्याचा धाकटा भाऊ रक्ताच्या कर्करोगाने गेलेला आहे. हे दुःख त्याने कुणापाशी धड मोकळे केलेले नाही.

आपल्या मराठीत भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर आहे. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला. तोही सगळ्याची खिल्ली उडवतो, आणि त्याच्याही आत धाकट्या बहिणीच्या मृत्यूची जखम आहे.

हे दोघे खात्यापित्या घरचे होते. आता आपल्या मुलांकडे पाहू. उर्दू माध्यमातून दहावी झालेला मुलगा अकरावीला मराठी किंवा इंग्रजी वातावरणात येतो. दहा वर्षांचे दोस्त एका झटक्यात पांगतात. मराठी तो एक विषय म्हणून शिकलेला असतो, पण त्या भाषेत थट्टामस्करी करायला जीभ चटकन वळत नाही. त्यात कुणी कौतुकाने म्हणते, "अरे वा, तू मराठी छान बोलतोस!" पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या घरातल्या मुलाला हे कौतुक टोचते. त्याचा कडवटपणा अगदीच बिनबुडाचा नसतो, हे आधी मान्य करायला हवे.

तरीही त्याला एक गोष्ट सांगायला हवी. होल्डनला जवळची वाटणारी माणसे म्हणजे वारलेला भाऊ आणि दहा वर्षांची बहीण. त्या निरागसपणाच्या मापाने मोजले तर बरोबरीचा कोणताही मुलगा खोटाच ठरणार. उर्दूत तकल्लुफ हा सुंदर शब्द आहे. 'कसा आहेस', 'चहा घेणार का', हे सगळे तकल्लुफच, म्हणजे उपचार. त्यात थोडा देखावा असतोच. पण ओळखीचे दार त्यातूनच उघडते. पुढे दोस्ती जुनी झाली की तकल्लुफ आपोआप गळून पडतो. पहिल्याच दिवशी शंभर टक्के खरेपणा मागणाऱ्याला दोस्त मिळत नाही.

आणि आपण, शिक्षक-पालकांनी काय करावे? 'मित्र कर' हा उपदेश कुचकामी आहे. त्याला कुणासोबत तरी काम द्या. भित्तिपत्रकाचा मजकूर दोघांनी मिळून लिहायचा, क्रिकेट सामन्याचा धावफलक दोघांनी सांभाळायचा. हातात काम असले की नजरेला नजर न भिडवताही बोलता येते. घरी त्याच्या टोमण्याला टोमण्याने उत्तर देऊ नका. त्याचा टोमणा झाला की दोन मिनिटे तिथेच बसून राहा. तो ज्याची परीक्षा घेत असतो ती बहुधा हीच: एवढे बोलल्यावरही हे माणूस उठून जाते की थांबते?