विश्लेषण : विसरभोळेपणाची तपासणी मोबाइलच्या पडद्यावरून होऊ शकते का?

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील ज्येष्ठांना विसरण्याच्या तक्रारीसाठी तज्ज्ञ डॉक्टर गाठायचा तर बहुतेक वेळा पुण्याची वाट धरावी लागते. जुन्नरहून पुणे सुमारे ९५ किलोमीटर. कमावती मुले चाकण, पुणे, मुंबईत असतील तर हा प्रवास लांबणीवर पडतो. ‘ई-संजीवनी’सारख्या दूरवैद्यक सेवेमुळे तो वाचू शकतो. पण स्मरणशक्तीची तपासणी पडद्यावरून कितपत खरी ठरते?

प्रश्न किती मोठा?

‘लासी-डॅड’ या देशव्यापी अभ्यासाच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, भारतात साठीपुढील ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आहे. तरीही ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून अनेक घरांत तक्रार डॉक्टरपर्यंत पोहोचतच नाही.

दूरवैद्यक सेवा कशी चालते?

‘ई-संजीवनी’ २०१९ मध्ये सुरू झाली. रुग्ण आरोग्य उपकेंद्रात येतो आणि तेथील समुदाय आरोग्य अधिकारी त्याला व्हिडिओवर डॉक्टरांशी जोडून देतो. करोनाकाळात, २०२० मध्ये, घरातून थेट सल्ला घेण्याची सोयही झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्राने दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानुसार, पडद्यावरची तपासणी पुरेशी आहे की रुग्णाला प्रत्यक्ष बोलवायचे, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते.

चाचणीत अडचण कुठे?

सर्वाधिक वापरली जाणारी ‘एमएमएसई’ चाचणी १९७५ मधली, ३० गुणांची. तीत तारीख विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, वाक्य लिहायला आणि आकृती काढायला सांगतात. कधी शाळेत न गेलेल्या आजी इथे मेंदू शाबूत असूनही गुण गमावतात. हे ओळखूनच १९९०च्या दशकात हरियाणातील बल्लभगढ भागात निरक्षर ग्रामीण ज्येष्ठांसाठी या चाचणीचे हिंदी रूप तयार झाले.

पडद्यावर अडचणी वाढतात. कमी ऐकू येणे, मोतीबिंदू, अडखळणारे नेटवर्क यांमुळे प्रश्नच नीट पोहोचत नाही आणि न ऐकलेला प्रश्न ‘न आठवलेला’ म्हणून नोंदला जातो. भाषेचेही तसेच. तारीख न सांगू शकणारे आजोबा आवणी झाली की नाही, आठवडे बाजार कधी, हे बिनचूक सांगतात. अशा प्रश्नांना प्रमाणित गुण नसतात, पण माणूस काळाशी किती जोडलेला आहे, हे त्यातून डॉक्टरांना कळते.

शेजारी बसलेली व्यक्ती मदत की अडथळा?

दोन्ही. ‘आज वार कोणता?’ असे विचारताच सून हळूच उत्तर पुरवते आणि चाचणी वाया जाते. मात्र आजाराची खरी हकिगत त्याच सुनेकडे असते. दरवर्षी हिरडा गोळा करायला जाणारी बाई नेहमीची पायवाट चुकू लागली का, दुकानात सुटे पैसे मोजता येतात का, चुलीवरचे विसरते का, हे गुणांइतकेच महत्त्वाचे. त्यामुळे चाचणीच्या वेळी घरच्यांनी गप्प राहावे आणि नंतर, शक्यतो वेगळे बसून, बोलावे.

पडद्यावरून काय जमत नाही?

थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, नैराश्य किंवा काही औषधांचा परिणाम यांमुळेही विसरायला होते आणि त्यातले बरेचसे उपचारांनी सुधारते. त्यासाठी रक्ततपासणी लागते. हातापायांची ताकद, चाल, कान-डोळे हेही प्रत्यक्षच पाहावे लागतात. दोन-चार दिवसांत अचानक गोंधळ वाढला, बोलणे अडखळले किंवा डोक्याला मार लागला असेल, तर व्हिडिओ कॉलची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

मग उपयोग कसा करायचा?

सुरुवात दारातच होऊ शकते. आशा सेविका भरत असलेल्या ‘सीबॅक’ अर्जात साठीपुढील व्यक्तींना जवळच्यांची नावे किंवा घरचा पत्ता विसरतो का, असा प्रश्न आहेच. उत्तर ‘हो’ आले तर पुढची पायरी उपकेंद्रातला व्हिडिओ सल्ला. तिथे शांत खोली, मोठा पडदा, रुग्णाचा चष्मा आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या हव्यात. त्यानंतर मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी तपासण्या आणि गरज असेल त्यालाच पुणे. निदान झाल्यावरची पाठपुराव्याची भेट मात्र पडद्यावर चांगली जमते. सांभाळणाऱ्या घरच्यांना मानसिक आधार हवा असेल, तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

थोडक्यात, पडद्यावरून संशय पक्का करता येतो आणि प्रवास कमी करता येतो. पण एका कॉलवरच्या गुणांवरून कुणावर ‘स्मृतिभ्रंश’ हा शिक्का मारणे जितके चुकीचे, तितकेच ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवणेही. ही सेवा कितपत विश्वासार्ह ठरते, हे नेटवर्कपेक्षा उपकेंद्रात रुग्णाशेजारी बसणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याच्या प्रशिक्षणावर अधिक अवलंबून आहे.