खोडा, पण पुसू नका!



वेचणीच्या धांदलीत सातबाऱ्याचे पुराण कशाला, असे कुणी म्हणेल. पण पेरा किती, विहीर कुणाची, बोजा उतरला की नाही, याचा जाब उद्या हाच कागद देणार आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 157 प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. ती चूक आहे हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर! आणि त्यासाठी आधीची नोंद हाताशी लागते.

जुन्या वहीत एक शहाणपण होते. वारस लागला तरी मयताचे नाव कुणी रबराने पुसत नसे. त्याला कंस करायचा, खाली नवे नाव लिहायचे, शेजारी फेरफाराचा नंबर टाकायचा. त्या नंबरावरून गाव नमुना 6 उघडला की नोंद कशाच्या आधारे झाली, मंडळ अधिकाऱ्याने कधी प्रमाणित केली, सारे सापडे. नंबर धरत मागे गेले की 1954-55 च्या खासरा पत्रकापर्यंत माग लागतो. 1 मे 1999 ला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला. शिक्का बदलला, नंबरांची साखळी तीच राहिली.

आता वहीच्या जागी संगणक आला. त्यातही तक्तेच असतात. एका ओळीत एक नोंद. दुरुस्तीच्या रीती दोन. पहिली, त्याच ओळीतले जुने काढून नवे भरायचे. काम झटपट, पण काल काय होते ते गेले. दुसरी, जुनी ओळ तशीच ठेवून तिच्यापुढे 'अमुक तारखेपर्यंत' लिहायचे आणि खाली नवी ओळ 'अमुक तारखेपासून' जोडायची. कुणी बदलली, कोणत्या आदेशाने, तेही लिहायचे. जिला 'पर्यंत' नाही ती चालू नोंद. मागच्या कोणत्याही दिवशीचा उतारा मागा, निघतो.

जुन्या ओळींनी तक्ता फुगतो, काम मंदावते, ही सबब चालणार नाही. रोजची ज्वारी कणगीत, साठ्याची पेवात, हे आपल्या घरात कळते. तशाच जुन्या ओळी वेगळ्या तक्त्यात ठेवता येतात.

2020 च्या नव्या नमुन्यात रद्द नोंदीवर आडवी रेघ येते, जुने फेरफार क्रमांक वेगळे दिसतात. हे योग्यच झाले. पण कलम 155 खालच्या लेखनप्रमादाच्या दुरुस्तीलाही हाच नियम हवा. पीक पाहणीलाही हवा. 2021 पासून ई-पीक पाहणीत पेरा आपणच भरतो. 2022 च्या आवृत्तीत 48 तासांत दुरुस्तीची मुभा आली. समजा, आपण कपाशीत तूर भरली आणि पुढे नुसती कपाशी दिसली. चूक आपली की मागाहून बदल झाला? दोन्ही नोंदी तारखेसह असतील तरच कळेल.

म्हणून आमची मागणी एवढीच: प्रत्येक बदलाची जुनी ओळ जपा आणि खातेदाराने मागितली की तिची नक्कल द्या.

तोवर आपले दप्तर आपण ठेवू. दर हंगामी पाहणीनंतर सातबारा काढा, त्यावरच्या प्रत्येक फेरफाराची नक्कल घ्या, तारीखवार लावा. जुना उतारा चुलीत घालू नका. तोच उद्याचा साक्षीदार आहे.