आधी पुस्तक कुठलं, ते सांगा!

मुलांनो,

सातवीतल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. पत्र चारच ओळींचं, पण अक्षर मोत्यासारखं. ती लिहिते, ‘बाई, मामा मला ई-रीडर घेऊन देणार आहे. कोणता मागू? आणि त्यात वाचनालयातली पुस्तकं येतील का?’

पहिला प्रश्न पुष्कळ जण विचारतात. दुसरा फार थोड्यांना सुचतो. खरं तर दुसऱ्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्याचं देताच येत नाही. यंत्र दहा-पंधरा हजारांचं, मामा काही दरवर्षी नवं घेऊन देणार नाही! म्हणून आज हाच विषय घेऊ. आईबाबांनीही वाचावं, कारण पैसे त्यांच्याच खिशातून जातात.

ई-रीडर मोबाइलसारखा दिसतो, पण आतून तो अगदी वेगळा असतो. मोबाइलचा पडदा सतत उजेड फेकत असतो. ई-रीडरच्या पडद्याखाली केसाच्या जाडीच्या लाखो इवल्याशा कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पातळ द्रव आणि त्यात तरंगणारे काळे-पांढरे कण. काळ्यांवर एक विद्युतभार, पांढऱ्यांवर त्याच्या उलट. खालून वीज दिली की काळे वर येतात किंवा पांढरे वर येतात आणि अक्षर उमटतं. गंमत पुढेच आहे. एकदा उमटलेलं अक्षर तसंच ठेवायला वीज लागत नाही. रांगोळी काढायला मेहनत पडते, काढून झाल्यावर ती आपली आपण अंगणात राहते ना, तसंच. वीज खर्च होते ती मुख्यतः पान उलटताना (आणि पडद्याला वाचनासाठी बारीक दिवा असेल तर त्याला). म्हणून एकदा चार्ज केलेलं यंत्र काही आठवडेही चालतं. आमच्या कोकणात आषाढात वीज जाते ती कधी येईल याचा भरवसा नसतो, तिथे हा गुण फार मोठा!

आता वाचनालयाचं पाहू. कागदाचं पुस्तक आपण घरी नेतो, ग्रंथपाल नोंद करतात, मुदतीत परत करतो. ई-पुस्तकाची तर क्षणात हजार नक्कल होऊ शकते. मग एकाने नेलं की दुसऱ्याला कसं नाही म्हणणार? त्यासाठी त्या पुस्तकाला कुलूप घालतात. लोखंडी नव्हे हं, संगणकाचं. त्याला ‘डीआरएम’ म्हणतात. वाचनालयाने एक प्रत घेतली असेल तर एका वेळी एकालाच किल्ली मिळते. दोन-तीन आठवड्यांची मुदत संपली की कुलूप आपोआप बंद होतं आणि रांगेतल्या पुढच्याचा नंबर लागतो. विसरलात तरी दंड नाही!

पण कुलूप आणि किल्ली एकाच कारखान्याची हवी. सगळा घोळ इथेच आहे.

माझा भाचा कॅनडात टोरांटोला असतो. तिथल्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्डावर तो घरबसल्या ई-पुस्तकं आणतो. त्याच्या आईने आधी किंडल घ्यायचं ठरवलं होतं, कारण नाव सगळ्यांच्या तोंडी तेच. मग चौकशीत कळलं, की वाचनालयाचं उसनं पुस्तक किंडलवर वाचण्याची सोय फक्त अमेरिकेत आहे. सीमेपलीकडे कॅनडात नाही! यंत्र तेच, पुस्तकही तेच, पण देश बदलला की दार बंद. शेवटी तिने कोबो घेतला. ही कंपनी टोरांटोचीच. इंग्रजी ‘बुक’ शब्दातली चार अक्षरं इकडची तिकडे केली की ‘कोबो’ होतं, कागदावर करून बघा. जगातली पुष्कळ वाचनालयं ‘ओव्हरड्राइव्ह’ नावाच्या सेवेतून ई-पुस्तकं देतात. त्यांचं मोबाइलवरचं ॲप म्हणजे ‘लिबी’. कोबोच्या बऱ्याच यंत्रांत ही सेवा आतच बसवलेली असते. वाचनालयाचं खातं जोडलं की झालं.

किंडल वाईट आहे असं मात्र मुळीच नाही. २००७ मध्ये ते पहिल्यांदा बाजारात आलं आणि ई-रीडर घराघरांत पोचला तो बराचसा त्याच्यामुळेच. २०१६ च्या डिसेंबरपासून त्याच्या दुकानात मराठी पुस्तकंही मिळू लागली. ज्याला पुस्तकं विकतच घ्यायची आहेत त्याची त्यात उत्तम सोय होते. पण विकत घेतलेल्या पुस्तकालाही बहुधा कुलूप असतंच, आणि किल्ली कंपनीकडे. २००९ ची गोष्ट सांगते. जॉर्ज ऑर्वेल या लेखकाची दोन पुस्तकं एका विक्रेत्याने हक्क नसताना किंडलच्या दुकानात ठेवली होती. हे लक्षात आल्यावर कंपनीने लोकांच्या यंत्रांतून ती दुरूनच काढून टाकली. पैसे परत दिले, पण अमेरिकेतल्या एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी पुस्तकावर टिपणं काढली होती, ती निरुपयोगी झाली. तो थेट कोर्टात गेला. कंपनीने माफी मागितली आणि तडजोड केली. आपल्या कपाटातलं पुस्तक दुकानदार रात्री येऊन घेऊन गेला, असं कधी ऐकलंय?

तुम्ही म्हणाल, बाई, टोरांटो-अमेरिकेचं पुरे, आपल्याकडे काय?

आमच्या चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ साली सुरू झालं. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षं झाली. २०१३ च्या जानेवारीत चिपळूणला शहाऐंशिवं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचा भार याच वाचनालयाने उचलला होता. पण वाशिष्ठी नदी काही वाचनालय ओळखत नाही. जुलै २००५ मध्ये आणि पुन्हा २२ जुलै २०२१ रोजी पूर आला, तेव्हा दोन्ही वेळा पाणी वाचनालयातही शिरलं. भिजलेलं पुस्तक कधी हातात घेतलंय? ते फुगतं, पानं एकमेकांना चिकटतात, चार दिवसांत बुरशी धरतं. चिकणा कागद असेल तर वीटच होते त्याची. आणि पूर न आलेल्या वर्षीही कोकणातल्या दमट हवेत कसर आणि वाळवी असतेच. ज्या पुस्तकाची दुसरी प्रत कुठेच नाही ते गेलं की गेलंच. म्हणून आमच्यासारख्या गावाला ई-पुस्तकाचं मोल वेगळं वाटतं. ई-रीडरही पुरात जाईल, त्यातलं पुस्तक मात्र लांबच्या संगणकावर कोरडंच राहील.

तरीपण हेही खरं, की आपल्याकडच्या सार्वजनिक वाचनालयांत मराठी ई-पुस्तकं टोरांटोसारखी उसनी देण्याची पद्धत अजून रुळलेली नाही. तेव्हा आपल्यापुरता प्रश्न बदलतो. विनाकुलपाची, फुकट आणि कायदेशीर मराठी पुस्तकं कुठे आहेत आणि ती कशात वाचता येतील?

आहेत, चिक्कार आहेत. राष्ट्रीय पुस्तक न्यासाने (म्हणजे आपल्या नॅशनल बुक ट्रस्टने) २०२४ मध्ये ‘राष्ट्रीय ई-पुस्तकालय’ सुरू केलं. ते खास मुलांसाठी आहे, वयाप्रमाणे गट केलेले आहेत आणि त्यात मराठीही आहे. ती पुस्तकं वाचायची ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीविव्हर’ २०१५ पासून आहे, तिथल्या चित्रगोष्टी उतरवूनही घेता येतात. ई-साहित्य प्रतिष्ठान मराठी ई-पुस्तकं फुकट देतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे कितीतरी ग्रंथ त्यांच्या संकेतस्थळावर आहेत, बालभारतीची पाठ्यपुस्तकंही तशीच मिळतात. शिवाय आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचं लेखन सर्वांना मोकळं होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या मालगुंडचे केशवसुत तर १९०५ मध्येच गेले. मोकळ्या झालेल्या अशा साहित्याचा साठा मराठी विकिस्रोतावर आहे आणि तिथून तो ‘ईपब’ रूपात घेता येतो.

हे ‘ईपब’ आणि ‘पीडीएफ’ काय असतं, ते नीट समजून घ्या, कारण यंत्राची निवड इथेच ठरते. ईपब ताकासारखं असतं. वाटीत ओता, वाटीएवढं होतं, तांब्यात ओता, तांब्याएवढं. पडदा लहान असला तर ओळी आपोआप मोडून पुन्हा लागतात. आजीसाठी अक्षर मोठं केलं तरी काही बिघडत नाही. पीडीएफ म्हणजे वाळलेला फणसाचा पापड. आकार ठरलेला. डबा लहान असेल तर एकतर पापड मोडा नाहीतर डबा बदला. साध्या ई-रीडरचा पडदा साधारण सहा-सात इंचांचा. त्यावर बालभारतीचं मोठं पान उघडलंत तर अक्षरं मुंग्यांएवढी दिसतील, आणि मोठी करायला जाल तर प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवत बसाल. दोन पानांत कंटाळा येतो. रंगीत चित्रंही बहुतेक यंत्रांवर काळी-पांढरीच दिसतात. रंगीत ई-रीडर आता निघालेत, पण ते महाग आहेत आणि रंग फिकट असतात.

आता बघा, वर सांगितलेल्या फुकटच्या मराठी साठ्यात पीडीएफ बरंच जास्त आणि ईपब कमी. राष्ट्रीय ई-पुस्तकालयाला तर ॲप लागतं, आणि किंडल-कोबोवर अशी ॲप टाकता येत नाहीत. ‘बूक्स’सारखे काही ई-रीडर अँड्रॉइडवर चालतात, त्यांत ॲप घालता येतं, लिबीसुद्धा. पण मोठ्या पडद्याचं घ्यायचं तर किंमत वाढत जाते.

आणखी एक तपासणी आहे, ती कुठल्याही जाहिरातीत सापडणार नाही. यंत्राला मराठी नीट लिहिता येतं का? इंग्रजीत अक्षरं एकापुढे एक बसतात. आपली अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर चढतात, पोटात शिरतात! ज्या यंत्राला हे शिकवलेलं नसतं, त्यात ऱ्हस्व वेलांटी आपलं अक्षर सोडून पुढच्या अक्षराला जाऊन चिकटते आणि जोडाक्षराची फारकत होऊन पाय मोडलेली अक्षरं सांडतात. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य तर खास मराठी, हिंदीपुरती तयारी केलेलं यंत्र तिथे अडखळू शकतं. म्हणून दुकानात जाताना एका छोट्या फाइलीत हे शब्द लिहून न्या: वाशिष्ठी, दुसऱ्या, सुट्ट्या, कुऱ्हाड, उद्ध्वस्त. दुकानदाराला म्हणा, काका, एवढं उघडून दाखवा. दाखवलं तर ठीक. ‘घरी गेल्यावर दिसेल’ म्हणाले, तर नमस्कार करून बाहेर या.

आता पत्रातल्या मैत्रिणीला सांगते. मामाला लगेच यंत्राचं नाव सांगू नकोस. आधी एक महिना घरातल्या मोबाइलवर ईपब वाचायचं फुकटचं ॲप घे, विकिस्रोतावरून दोन पुस्तकं उतरव आणि रोज अर्धा तास वाच. (आईबाबा, त्या अर्ध्या तासात मोबाइलचं इंटरनेट बंद ठेवा, नाहीतर प्रयोगाला अर्थ नाही.) महिन्याअखेर एका कागदावर लिही, वाचलेली आणि वाचायची राहिलेली पुस्तकं कोणती आणि ती कशात मिळाली. बहुतेक कथा-कादंबऱ्या असतील, इंग्रजीही वाचत असशील आणि विकत घ्यायची घरच्यांची तयारी असेल, तर किंडल माग. त्यावर आपल्याकडची साधी ईपब पाठवता येते, २०२२ पासून कंपनीने ती सोय दिली आहे. मात्र वाचनालयाच्या कुलपाची ईपब त्यावर उघडत नाही. नातेवाइकांकडे परदेशी राहायला जाणार असशील, तर तिथलं वाचनालय कुठलं यंत्र चालवतं ते त्यांनाच विचारायला सांग. आणि यादीत चित्रांची पुस्तकं नि पाठ्यपुस्तकंच जास्त निघाली, तर माझं स्पष्ट मत, ई-रीडर घेऊच नकोस. घरी टॅब असेल तर तो पुरे. मामाला म्हण, त्या पैशांतून माझी वाचनालयाची वर्गणी भर. उरलेल्या पैशांत कितीतरी कोरी पुस्तकं येतील, तीही आपल्या नावाची!

एक काम मात्र तुम्ही सगळेच करू शकता. आपल्या वाचनालयात ग्रंथपालांना भेटा आणि विचारा, ‘ई-पुस्तकं उसनी मिळतील का? जुन्या पुस्तकांच्या प्रती संगणकावर घेतल्या आहेत का?’ सूचनांची वही असेल तर तीत तारीख घालून लिहा. एका मुलाची सूचना वहीत राहते. पंचवीस मुलांनी लिहिलं, तर ती कार्यकारी मंडळाच्या बैठकीत वाचावी लागते.

आणि हो, ते पाच शब्द तुमच्या घरच्या मोबाइलवर, संगणकावर आधी उघडून बघा. कुठला मोडला आणि कसा मोडला, ते पोस्टकार्डावर जसंच्या तसं काढून पाठवा. पत्ता नेहमीचाच.

तुमच्या बाई