शून्य गुणांचा अर्थ

तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीचा जो तपासणी-अर्ज आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन भरतात, त्यात तंबाखू, दारू आणि कमरेचा घेर यांच्याबरोबर मनाविषयीही दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वा आनंद वाटेनासा झाला काय? मन उदास, निराश राहिले काय? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की त्या व्यक्तीला आरोग्य केंद्राकडे पाठवायचे. योजना स्तुत्य आहे. परंतु हे प्रश्न पुष्कळदा ज्या ओसरीवर विचारले जातात तेथे सासू बसलेली असते, जाऊ कान देऊन असते आणि विचारणारी बाईही त्याच गावची असते. अशा वेळी सुनेने ‘सगळे ठीक आहे’ असे सांगितले, तर तिला खोटे बोलणारी ठरविणे हा अन्यायच होय.

खरे बोलण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात विशिष्ट स्वरूपाचा मनोविकार हे घटस्फोटाचे कारण आजही आहे. साधी उदासीनता त्यात बसत नाही, हे वकील जाणतो. सुनेला मात्र माहेरी पाठविले जाण्याचा धाक तेवढा ठाऊक असतो. आत्महत्येचा प्रयत्न भारतीय दंड विधानाच्या कलम ३०९ खाली २०२४ च्या जूनअखेरपर्यंत गुन्हा म्हणून नोंदलेला होता. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्या शिक्षेपासून संरक्षण दिले, उपचारांविषयीच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्कही दिला. पण जो हक्क ओसरीपर्यंत पोचलाच नाही, त्याच्या भरवशावर कोण तोंड उघडणार?

अर्थात, लपविण्यालाही किंमत आहेच. न सांगितलेल्या दुखण्यावर कोणताही डॉक्टर औषध देऊ शकत नाही. शिवाय ते शून्य गुण सरकारी तक्त्यात जाऊन बसतात आणि ‘येथे मागणीच नाही’ असे म्हणण्यास शासनाला आयतेच निमित्त मिळते. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून असल्याचे आढळले होते. दुखणाऱ्याचे मौन आणि राज्यकर्त्यांची अनास्था ही अशी एकमेकांना पोसत राहतात.

म्हणूनच प्रामाणिकपणाची अपेक्षा प्रथम विचारणाऱ्या यंत्रणेकडून केली पाहिजे. प्रश्न एकांतात विचारले जावेत. उत्तर कोणाला कळेल आणि कोणाला कळणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगितले जावे. जवळच्या केंद्रात औषध आणि समुपदेशन खरोखरच मिळावे. आणि ज्या आशांवर हे नाजूक काम सोपविले आहे, त्यांना ‘स्वयंसेविका’ म्हणून मोबदल्यावर राबविण्याऐवजी कामगाराचे वेतन, प्रशिक्षण आणि पुरेसा वेळ द्यावा. हे होईपर्यंत त्या रकान्यातील शून्याला शासनाने निरोगीपणाचा दाखला समजू नये.