उन्हाची वार्ता कोणत्या स्वरांत सांगावी?

मध्यंतरीं हवामानबदल या विषयावर मीं वर्गाकडून चित्रें काढविलीं. बहुतेकांनीं जळती पृथ्वी काढली. चित्रें उत्तम होतीं. परंतु तीं भिंतीवर लागल्यावर वर्ग अधिकच गप्प झाला, आणि व्हरांड्यांतला नळ पूर्ववत् ठिबकत राहिला. "सर, मग आतां काय उपयोग?" असें एका मुलानें विचारलें, तेव्हां माझी चूक मला उमगली. मीं त्यांस भीति दिली होती, काम दिलें नव्हतें.

वऱ्हाडांतील मुलांस उन्हाचें भय शिकवावें लागत नाहीं. मे २०२० मध्यें अकोल्यास पारा ४७.४ अंशांवर चढला होता. मे २०२४ मध्यें तर तेथील जिल्हाधिकाऱ्यांस उष्म्यापायीं १४४ कलम जारी करावें लागलें; दंग्यासाठीं राखलेलें कलम सूर्यासाठीं! ज्या घरांत बियाण्याचें कर्ज डोक्यावर घेऊन बाप जूनभर आभाळाकडे पाहत असतो, त्या घरच्या मुलास 'सर्वनाश जवळ आला' म्हणून सांगणें म्हणजे दुखऱ्या जागीं पुन्हां मारणें होय. अशानें मनुष्य जागा होत नाहीं. कान झांकून घेतो.

मग गोड बोलावें काय? मुळींच नव्हे. कोळसा व खनिज तेल जाळून आपणच हवा तापविली आहे, हें स्पष्ट सांगितलेंच पाहिजे. पवित्र शास्त्रांतील योनानें निनवेस कांहीं गोड सांगितलें नव्हतें. चाळीस दिवसांनीं नगर पालथें पडेल, एवढेंच तो ओरडला. तरी नगर वांचलें. कारण चाळीस दिवस हातीं होते, आणि राजा स्वतः सिंहासन सोडून राखेंत बसला. पुढचा भाग आपण घाईनें वाचतों. नगर वांचलें म्हणून योना रागावला! त्याला कळवळा आला तो डोक्यावरचा वेल वाळून ऊन लागूं लागलें तेव्हां. आजच्या कित्येक व्याख्यात्यांत मला हा रुसलेला योना दिसतो. आपलें भाकीत खरें ठरावें, याचीच त्यांस अधिक उत्कंठा.

आपल्याच जिल्ह्यांत शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेल्या गाडगेबाबांची रीत निराळी. दिवसा खराट्यानें गांव झाडावें, रात्रीं कीर्तनांत वऱ्हाडी बोलींत लोकांसच प्रश्न विचारावे. लोक हसत, आणि हसतां हसतां स्वतःशीं ओशाळत. खराटा आधीं हातीं धरलेल्याचे कठोर शब्दही लोक ऐकून घेतात. २०१६ मध्यें पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेसाठीं वरूड तालुक्यांतील गांवकरी श्रमदानास उतरले, तेथेंही केवळ दुष्काळाच्या धाकानें कुदळ उचलली गेली नाहीं. शेजारच्या गांवाच्या पुढें जाण्याची हौस त्यांत होती.

म्हणून यंदा चित्राचा विषय बदलला आहे. भर दुपारीं आपल्या घरांत सर्वांत गार जागा कोणती, आणि पाणी वायां कोठें जातें, हें प्रत्येकानें काढून आणावें. पालकांनीं सोबत बसावें, अशी विनंति. व्हरांड्यांतल्या नळाचा वायसर मात्र मीं आधींच बदलला आहे.