आधी मीटर, मग पार्ट

भाजी, कांदा, दूध, मासळी यांची राज्यातली बरीचशी वाहतूक डिझेल पिकअपच्या जिवावर चालते. या गाड्यांची इंजिनं दणकट, पाटे वाटेल तेवढा लोड सोसणारे. मालक हैराण होतो तो वायरिंगच्या बिघाडाने, कारण हा बिघाड आपल्याकडे शोधलाच जात नाही. पार्ट बदलून बघितला जातो. ‘बॅटरी टाकून बघू. नाही झालं तर सेल्फ खोलू. तरी नाही झालं तर ईसीएम.’ यातल्या प्रत्येक ‘बघू’चं बिल मालक भरतो आणि गाडी उभी राहिली ते दिवस वेगळेच.

रत्नागिरीकडून घाटावर बर्फातली मासळी नेणारी एक पिकअप मध्यंतरी पाहण्यात आली. तक्रार अशी की सेल्फ जड फिरतो, कधी नुसता ‘कट’ आवाज करून थांबतो, आणि सुरू झालीच तर चेक लाईट लागून गाडी ओढत नाही. बॅटरी नवी टाकून झाली होती, सेल्फचे कार्बन बदलून झाले होते. आता ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला असं सांगण्यात आलं होतं आणि मालक त्यासाठी उसनवारीच्या तयारीत होता.

सुदैवाने गाडी एका जुन्या वायरमनकडे गेली. त्याने काहीही खोललं नाही, मीटर काढला. बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. सेल्फ मारताना 11च्या आसपास, म्हणजे बॅटरी ठणठणीत. मग त्याने मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवली, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि ड्रायव्हरला म्हणाला, ‘मार सेल्फ.’ मीटरवर 2 व्होल्टच्या वर आकडा आला. या जागी तो 0.2-0.3च्या वर जाता कामा नये. वायरमन गाडीखाली शिरला. इंजिनला चासीशी जोडणारी अर्थची केबल बर्फाच्या खारट पाण्याने हिरवी पडली होती. थिंबलपाशी जरा वाकवली तर तारा हातात तुटून आल्या. नवी केबल टाकली, चासीवरची जागा पॉलिश पेपरने लखलखीत घासली, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. पुन्हा तेच माप घेतलं तर 0.15. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. खर्च काही शे रुपये.

आधीच्या गॅरेजनेही अर्थ बघितला होता, असं मालक सांगत होता. ते खरं असणार. टेस्ट लॅम्प लावला असेल आणि तो पेटलाही असेल. पण टेस्ट लॅम्पला करंट लागतो नावापुरता. केबलच्या शंभर तारांतल्या दोन शाबूत असल्या तरी तो झकास पेटतो. मीटरच्या ओहम रेंजवरही तेच. साधा मीटर 0.01 ओहमचा अडथळा दाखवूच शकत नाही. पण डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ 200 अँपिअर किंवा त्याहूनही जास्त करंट ओढतो, आणि 200 अँपिअरला तेवढ्याच 0.01 ओहमवर 2 व्होल्ट वाया जातात. म्हणून वायर तपासायची ती लोड देऊन, व्होल्टच्या रेंजवर. वायरिंगच्या शोधातली ही सर्वांत उपयोगी चाचणी आहे आणि आपल्या गॅरेजांत सर्वांत कमी वेळा केली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेलला असा कच्चा अर्थ चालून जायचा. धक्का मारला, गिअर टाकला, इंजिन सुरू. कॉमन रेलला तसं नाही. सेल्फ मंद फिरला की रेलमध्ये पुरेसा दाब तयार होत नाही, व्होल्टेज पडलं की ईसीएम मध्येच रिसेट होतो आणि भलतेच कोड नोंदवून ठेवतो. 1 एप्रिल 2020पासून बीएस-6 आल्यावर तर सायलेन्सरपर्यंत सेन्सर बसले. स्कॅनर लावला की कोड दिसतो आणि कोडमध्ये सेन्सरचं नाव असलं की तो सेन्सर बदलला जातो. वास्तविक कोड सांगतो की त्या सर्किटमध्ये काहीतरी बिनसलंय. सेन्सर, कपलर, वायर, अर्थ, यातलं काहीही असू शकतं. एकदम तीन-चार सेन्सरांचे कोड आले तर आधी त्यांना मिळणारे 5 व्होल्ट मोजावेत. ही लाईन बहुधा काही सेन्सरांत सामाईक असते. एक सेन्सर शॉर्ट झाला किंवा एखादी वायर ब्रॅकेटला घासून सोलली गेली की सगळे आजारी दिसतात. एकेक कपलर काढत जावं. ज्याला काढल्यावर 5 व्होल्ट परत येतात, चोर तिथे.

मालकांनाही चार गोष्टी सांगायला हव्यात. कंपनीचा हेडलाईट बल्ब 60/55 वॅटचा. तिथे रिलेशिवाय 100 वॅटचे दोन बल्ब लावले की 10 अँपिअरच्या जागी सतरा अँपिअर करंट त्याच स्विचमधून, त्याच वायरीतून जातो. वर एलईडी पट्टी, मोठा हॉर्न, टेप, ट्रॅकर. सगळ्यांचे जोड सोललेल्या वायरीला पीळ देऊन आणि टेप गुंडाळून. मग निळा 15 अँपिअरचा फ्यूज उडतो, आणि त्याजागी हिरवा 30चा बसतो किंवा तांब्याची तार. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो. तो निकामी केला की वायर तापून तिचं प्लास्टिक वितळतं, आणि इंजिनच्या खणात डिझेलच्या नळ्या शेजारीच असतात. हे मला अक्षम्य वाटतं. त्या केबिनमध्ये ड्रायव्हर झोपतो.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर नवी घेण्याआधी निगेटिव्ह केबल काढून मध्ये अँपिअरचा मीटर जोडावा, अर्धा तास थांबावं, म्हणजे ईसीएम झोपी जातो. 50 मिलिअँपिअरच्या वर करंट जात असेल तर एकेक फ्यूज काढून बघावा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नये. आणि मागच्या हौद्याच्या जाळीला वेल्डिंग करून घेताना बॅटरीच्या केबली व ईसीएमचे कपलर काढायला लावावेत, वेल्डिंगचा अर्थ जोडाच्या अगदी जवळ धरायला सांगावा.

आता वायरमनची बाजू. त्याला मीटर धरता येत नाही असं नाही. पण तास-दीड तास गाडीखाली पडून त्याने तुटलेली केबल शोधली, तर गिऱ्हाईक म्हणतं, ‘एवढ्याशा वायरीचे इतके?’ तोच माणूस बॅटरीचे हजारो रुपये निमूट मोजतो, कारण बॅटरी डोळ्यांना दिसते. शोधण्याला मोल नाही, पार्टला आहे. मग गॅरेजवाला पार्टच विकणार. दोष दोघांचा आहे, पण ही सवय मोडायची सुरुवात पैसे देणाऱ्याने करायला हवी.

तेव्हा पिकअपच्या मालकांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी कोणी पार्ट सुचवला तर मीटरवर आकडा किती आला ते विचारा आणि दुरुस्तीनंतरचा आकडाही बिलावर लिहून घ्या. त्याच बिलावर तपासणीची मजुरी वेगळी लिहायला सांगा, आणि एकही पार्ट बदलला गेला नसला तरी ती घासाघीस न करता द्या.